बाटली समुद्राची, ऊस आपला; साखर कोणाची?

(केज येथे ऊस उत्पादकांच्या बैठकीत झालेले भाषण. छापताना पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



आजची बैठक उसाच्या भावासाठी बोलावली आहे. भावावर मी बोलणारच आहे, पण सुरुवात एका बाटलीपासून करतो. ही पाहा, पिशवीत घालून मुद्दाम आणली आहे. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या गोठ्यातल्या कोनाड्यात अशीच एखादी अर्धी वापरलेली बाटली पडून असेल. नाव वेगळे असेल, रंग वेगळा असेल, पण चित्रातला ऊस सगळीकडे सारखाच, माणसाच्या दुप्पट उंच. खाली लिहिलेले असते, समुद्री शेवाळाचा अर्क. फुटवे वाढतात, पेरे लांबते, कांडी जाड होते, वजन वाढते आणि साखरही वाढते.

माझ्याकडे ही बाटली कशी आली ते सांगतो. युरिया आणायला दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, ''नुसता युरिया देता येत नाही. त्याच्यासोबत हे घ्यावं लागतंय.'' युरियाचे ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना. बाटली त्याच्या दुपटीहून महाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मी भांडलो. तो म्हणाला, ''मलाही वरून असंच आलंय.'' शेवटी पीक पिवळे पडत होते, म्हणून पैसे मोजले आणि घरी आलो. तुम्ही आलात तसाच.

घरी येऊन बाटली कोनाड्यात फेकली. मग विचार केला, पैसे तर गेले, निदान हे आहे काय ते तरी समजून घ्यावे. ज्याने गळ्यात मारली त्याच्यावर राग धरावा, वस्तूवर कशाला धरायचा? वस्तू चांगली असली तर राग धरून नुकसान आपलेच आहे, आणि वाईट असली तर ती का वाईट हे आपल्याला चारचौघांत सांगता आले पाहिजे. त्या दिवसापासून मी जे वाचले, विचारले आणि स्वतःच्या रानात करून पाहिले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

हे शेवाळ कोणते?

शेवाळ म्हटले की आपल्याला विहिरीच्या पायरीवरचे आठवते, ज्यावरून पाय घसरतो. मागे एका बैठकीत एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले होते, ''मग आमच्या हौदातलं खरवडून फवारलं तर चालंल का?'' सगळे हसले, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. हौदातले शेवाळ वेगळे. भातखाचरात टाकतात ते निळे-हिरवे शेवाळ आणखी वेगळे, ते हवेतला नत्र धरून ठेवते. या बाटलीतले शेवाळ समुद्रातले. ती खडकाला किंवा दोरीला धरून वाढणारी झाडोऱ्यासारखी वनस्पती आहे.

समुद्राकाठच्या शेतकऱ्याला ती नवी नाही. आयर्लंडच्या आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे शेतकरी कित्येक पिढ्या वाहून आलेले शेवाळ गाड्या भरून रानात टाकत आले. ते खत होते, आपल्या शेणखतासारखे, गाडीच्या हिशेबाने. १९४०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये शेवाळापासून पातळ अर्क काढण्याची रीत बसली आणि गाडीची वस्तू बाटलीत आली. युरोप आणि कॅनडाकडून येणाऱ्या अर्कात बहुधा अॅस्कोफायलम नावाचे थंड समुद्रातले तपकिरी शेवाळ असते.

आपल्या देशातली गोष्ट वेगळी आहे. गुजरातेत भावनगरला मीठ आणि समुद्री रसायनांची केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी कप्पाफायकस नावाच्या लाल शेवाळाचा ताजा रस पिळून काढण्याची रीत बसवली. रस पिकाला फवारायला आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन, जे आइस्क्रीमसारख्या पदार्थांना दाटपणा आणायला लागते. म्हणजे आपल्या गुऱ्हाळासारखेच, रसही कामाचा आणि चिपाडही कामाचे. हे शेवाळ तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्याला बांबूच्या तराफ्यांना बांधून वाढवतात. साधारण दीड महिन्यात काढणीला येते. हे काम तिथे मोठ्या प्रमाणावर मच्छीमार घरातल्या बाया बचतगटांतून करतात. तराफ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहणारी ती बाई आणि सरीत उभे राहणारे आपण, दोघेही कच्चा मालच पिकवतो. भाव दोघांचाही दुसराच कोणीतरी ठरवतो. एवढे ध्यानात ठेवा आणि पुढे चला.

अन्न नव्हे, इशारा

आता महत्त्वाचे. बाटली खत आहे काय? नाही. हिशेब साधा आहे. सुरू उसाला महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे. एकरी धरले तर नत्र १०० किलो. युरियातून द्यायचे तर २१७ किलो युरिया, म्हणजे जवळजवळ पाच पोती. या बाटलीत एक लिटर पाणचट द्रव आहे. तो सगळाच्या सगळा नत्र आहे असे क्षणभर धरले तरी किलो-सव्वा किलो होईल. शंभर किलोची भूक किलोभराने भागते काय? म्हणून कोणी तुम्हाला म्हणाला, ''ही मारा आणि एक खताचा डोस वाचवा,'' तर त्याला हात जोडा आणि घरी या.

मग ती करते काय? शेवाळाच्या अर्कात वनस्पतीची वाढ चालवणारी संप्रेरके अत्यल्प प्रमाणात असतात, फुटव्याला चेतवणारी आणि मुळाला चेतवणारी. शिवाय पालाश आणि काही खास शर्करा असतात. काही घटक असे की त्यांच्यामुळे पेशी ताणात असताना पाणी धरून ठेवते. झाडाला ते अन्न म्हणून पोचत नाहीत, इशारा म्हणून पोचतात. मुकादमाने हाक मारली की टोळी उठते. पण टोळीच्या पोटात भाकर नसेल तर नुसत्या हाकेने मोळ्या बांधल्या जात नाहीत. बाटली म्हणजे हाक. भाकर म्हणजे शेणखत, नत्र-स्फुरद-पालाश, पाणी आणि जमिनीतला वाफसा.

आणि हाकही बेताची हवी. संप्रेरकाचे प्रमाण वाढले की परिणाम वाढतो असे नाही, पुष्कळदा उलटा होतो, वाढ खुंटते. भावनगरच्या ताज्या रसाच्या चाचण्या टक्क्यांच्या प्रमाणात असतात, बाजारातला घट्ट अर्क लिटरला काही मिलिलिटर एवढाच घालायचा असतो. एकाचे प्रमाण दुसऱ्याला लावू नका. आपल्याकडे सवय आहे, झाकण भरून सांगितले की आपण दोन झाकणे टाकतो. इथे ती सवय अंगावर येईल.

उसावर याचा उपयोग होतो काय? होतो, असे म्हणायला आधार आहे. भावनगरच्या शास्त्रज्ञांनी कप्पाफायकसच्या अर्काच्या चाचण्या लागणीच्या उसावर घेतल्या आणि खोडव्यावरही. २०१८ साली त्या प्रसिद्ध झाल्या आणि त्यांत दोन्हींचे उत्पादन वाढलेले आढळले. अशा अर्कांवर जगभर जे काम झाले आहे त्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर पीक ताणात असेल तेव्हा त्यांचा फरक जास्त दिसतो. सगळे वेळेवर मिळालेल्या पिकात तो कमी दिसतो.

ताणाचे नाव काढल्यावर केजच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मांजरा धरण आपल्याच तालुक्यात, धनेगावला. २०१६च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०२५च्या सप्टेंबरात त्याच मांजरेला पूर आला आणि काठचा ऊस पाण्यात उभा राहिला. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. सुरू उसाला पाटाने द्यायचे पाणी साधारण अडीचशे सेंटिमीटर, म्हणजे अडीच हजार मिलिमीटर. पावसाच्या जवळजवळ चौपट! अशा मुलखात आपण ऊस लावतो, कारण तोच एक माल असा आहे की त्याला कायद्याने बांधलेला भाव आहे आणि कारखाना घेतो तरी. तेव्हा ताणात ऊस जगवणारी वस्तू जर खरोखर असेल तर तिची गरज इथल्या माणसाला सगळ्यांत जास्त आहे. म्हणूनच ती खरी आहे की खोटी हे कळण्याचीही गरज त्यालाच जास्त आहे.

कायद्याने काय केले?

बरीच वर्षे या बाटल्यांना धनीच नव्हता. खत म्हणावे तर खत नाही, कीटकनाशक म्हणावे तर तेही नाही. कोणीही भरावे, कोणीही विकावे. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने १९८५च्या खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली आणि जैव-उत्तेजक हा वर्ग पहिल्यांदा कायद्यात आणला. समुद्री शेवाळाचा अर्क त्यातच बसतो. नियम असा की कंपनीने घटक सांगावेत, विषारीपणाची तपासणी द्यावी आणि पिकावर चाचण्या घेऊन परिणाम दाखवावा. आणखी एक, बाटलीत कीटकनाशकाचा अंश दहा लाखांत ०.०१ भागापेक्षा जास्त असता कामा नये. हा नियम का करावा लागला असेल याचा विचार तुम्हीच करा. 'सेंद्रिय' म्हणून घेतलेल्या बाटलीने दोन दिवसांत किडे मरतात, तेव्हा आपण खूश होतो. शेवाळाने किडे मरत नाहीत, भावांनो!

जुन्या मालाला तात्पुरती मुभा होती, ती वाढत वाढत १६ जून २०२५ला संपली. त्यानंतरच्या महिन्यात केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी स्वतःच आकडे सांगितले. पूर्वी सुमारे ३० हजार उत्पादने अशीच विकली जात होती, मग आठ हजारांच्या आसपास राहिली आणि आता तपासणीतून साडेसहाशेच्या आसपास उरली. तीस हजारांतली साडेसहाशे! म्हणजे शंभरातल्या दोन. बाकीच्यांचे पैसे कोणी भरले होते? युरियाच्या पोत्यासोबत गळ्यात मारण्याच्या प्रकारावरही ते बोलले. सरकारला हे माहीत आहे, आपल्याला माहीत आहे, दुकानदाराला माहीत आहे. माहीत असूनही होते, कारण त्या दिवशी पीक पिवळे असते आणि आपण एकटे असतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही करा. बाटलीवर खत नियंत्रण आदेशातली नोंद आहे काय पाहा. ही मंजुरी पिकागणिक असते, म्हणून लेबलावर ऊस आहे काय तेही पाहा. टोमॅटोवर मंजूर झालेली बाटली उसावर चालतेच असे नाही. आणि पक्की पावती घ्या. पावती नसली तर तक्रार नाही, आणि तक्रार नसली तर तुम्ही फसलाच नाहीत असे कागद म्हणतो.

माझ्या रानातला प्रयोग

आता माझ्या रानाचे सांगतो. पहिल्या वर्षी मी बाटली फवारली. आठ-दहा दिवसांत पाने काळीभोर हिरवी दिसायला लागली. मी गावभर सांगितले, ''फरक आहे!'' माझी चुलती वीस हंगाम पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जाऊन आलेली. ती बांधावर उभी राहून म्हणाली, ''वाढ्यावरून ऊस वळखू नको, लेकरा. हातात धरल्यावर कळतंय.'' मला राग आला. पण खरे सांगतो, आपल्या जिल्ह्यातल्या तोडणी कामगार बाईच्या हातांनी जेवढा ऊस धरलेला असतो तेवढा कोणत्याही शास्त्रज्ञाने धरलेला नसेल.

मी चार सऱ्या बिनफवारणीच्या ठेवल्या होत्या, तुलनेसाठी. टोळी रात्रीची आली. सकाळी मी रानात पोचेपर्यंत फवारलेला आणि न फवारलेला ऊस एकाच ट्रॉलीत भरून झाला होता. काट्यावर सगळ्याचे मिळून एक वजन आले. वर्षभराच्या प्रयोगाचा निकाल त्या ट्रॉलीत गेला.

दुसऱ्या वर्षी शहाणा झालो. चार सऱ्या अर्काच्या, शेजारी चार सऱ्या नुसत्या पाण्याच्या, पुन्हा चार अर्काच्या, पुन्हा चार पाण्याच्या, असे रानभर केले. बेणे एक, खत एक, दिवस एक. पाण्याच्या सऱ्यांवरही पंप फिरवला, म्हणजे भेदभाव नको. तोडीच्या आधी प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या सऱ्यांतले ऊस मोजले आणि पंचवीस-पंचवीस ऊस तोडून ताणकाट्यावर टांगले. काय दिसले? माळाकडच्या बाजूला, जिथे मे महिन्यात विहीर आटल्यामुळे पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या, तिथे अर्काच्या सऱ्यांचा ऊस प्रत्येक वेळी जड भरला. विहिरीच्या बाजूला पाणी चुकले नव्हते. तिथे एकदा हा जड, एकदा तो जड. फरक आहे असे छातीवर हात ठेवून म्हणता येईना. हा एका रानाचा, एका वर्षाचा अनुभव आहे. त्यावर कायदा करू नका. पण तुमच्या रानात करून पाहा.

दोन टक्के डोळ्याला दिसत नाहीत

करून पाहा असे मी का म्हणतो? त्याचे कारण हिशेबात आहे. पाटी-पेन्सिल घेऊन बसा.

समजा एकरी दोन फवारण्या केल्या. बाटली सहाशेची धरा, मजुरी आणि पंप चारशे धरा. दोन वेळचे दोन हजार रुपये झाले. आता उसाचा भाव. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरवले, आणि साडेनऊ टक्क्यांच्या खाली उतारा गेला तरी ३२९ रुपये ५ पैसे. म्हणजे टनाला कमीत कमी ३,२९० रुपये ५० पैसे. त्यातून तोडणी-वाहतूक साडेआठशे गेली असे धरा, हातात २,४४० उरतात. दोन हजारांचा खर्च भरून यायला किती ऊस जास्त पिकायला हवा? एकरी ८२० किलो. एकरी ४० टन पिकवणाऱ्याला हे झाले दोन टक्के.

चाळीस टन म्हणजे काय? एकरात चाळीस हजार ऊस आणि सरासरी एक किलोचा एक. त्यातले दोन टक्के म्हणजे एका उसामागे वीस ग्रॅम. सांगा, कोणाच्या डोळ्याला वीस ग्रॅम दिसतात? वीस ग्रॅम वाढले तर खर्च निघाला, चाळीस वाढले तर दोन हजार सुटले, काहीच वाढले नाही तर दोन हजार बुडाले. आणि बांधावरून बघताना तिन्ही ऊस सारखेच हिरवे! वाईट बाटली खपते ती याच अंधारात, आणि चांगली बाटली बदनाम होते तीही याच अंधारात. म्हणून हिरवेपणावर जाऊ नका, विक्रेत्याच्या फोटोवर जाऊ नका. ताणकाटा विकत घ्या. चार भावांत मिळून एक घ्या. कोणत्याही बाटलीपेक्षा तो जास्त वर्षे टिकेल.

आणि जे वजन स्वस्तात मिळते ते आधी घ्या. शुद्ध बेणे घ्या. को ८६०३२ हा वाण महाराष्ट्रात १९९६ साली आला आणि अजून आपल्या रानात आहे. पण आपण खोडव्याच्या खोडव्यातून बेणे घेत घेत त्याची ताकद घालवतो. खोडव्याचे पाचट जाळू नका, सरीत दाबा, पाण्याची एखादी पाळी वाचेल. माती तपासा. हे सगळे झाल्यावर, आणि उन्हाळ्यात पाणी चुकणार अशी धास्ती असली, तर बाटलीचा विचार करा. जिथे भाकरच नाही तिथे हाक मारण्यात अर्थ नाही.

साखर वाढली, पैसे कोणाला?

आता भावाकडे येतो. मी म्हटले होते येईन म्हणून.

बाटलीवर दोन वचने लिहिलेली असतात. पहिले वजनाचे, त्याचे आपण पाहिले. दुसरे साखरेचे. समजा ते वचनही खरे निघाले. माझ्या चाळीस टन उसात साखर अर्ध्या टक्क्याने वाढली. म्हणजे दोन क्विंटल साखर जास्त. किलोला ३५ रुपये धरले तर सात हजार रुपयांचा माल. हे सात हजार कोणाला मिळाले?

मला? मला पैसे मिळतात ते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. माझा ऊस गोड की आंबट, भाव सगळ्यांना एकच. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याच्या सरासरीत माझी दोन क्विंटल साखर म्हणजे रांजणात चिमूटभर मीठ. बाटली मी विकत घेतली, पंप मी पाठीवर घेतला, वाढलेली साखर पोत्यात पडली. त्या पोत्यावर माझे नाव नाही.

दुसऱ्या वर्षी मी हातातला ब्रिक्सचा मापक मागून आणला होता. रसाचा थेंब काचेवर ठेवला की रसात विरघळलेले घन किती ते दिसते. ती नुसती साखर नसते, पण अंदाज येतो. आकडे वहीत लिहिले आणि चिटबॉयला दाखवले. पोरगा गरीब, चांगल्या स्वभावाचा. म्हणाला, ''दादा, हे तुमच्यापाशीच राहू द्या. पावतीवर ह्याला रकाना न्हाई.''

भावांनो, त्या पोराने एका वाक्यात सगळे अर्थशास्त्र सांगितले. पावतीवर वजनाला रकाना आहे, कपातीला तर चार-पाच रकाने आहेत, साखरेला रकाना नाही. आणि कारखाना विकतो काय? साखर!

आता दूध डेअरीत काय होते ते पाहा. गावातली बाई एक लिटर दूध घेऊन गेली तरी तिच्या किटलीतला नमुना काढतात, फॅट लावतात, पावतीवर लिहितात. एक लिटर दुधाला जे जमते ते दहा टन उसाच्या ट्रॉलीला जमत नाही असे आपल्याला सांगितले जाते. ऑस्ट्रेलियात शंभर वर्षांपासून प्रत्येक शेतकऱ्याच्या खेपेचा रस तपासून त्यातल्या साखरेवर पैसे देतात. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातही उसातल्या एकूण साखरेवर हिशेब होतो. त्यांचा ऊस काही वेगळा नाही. त्यांच्या पावतीवर रकाना आहे, एवढाच फरक.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी तुम्हाला अर्धेच सांगितले असे होईल. वैयक्तिक उताऱ्यावर पैसे मिळू लागले तर ज्याची तोड उशिरा आली, ज्याच्या उसाला तुरा आला, ज्याची ट्रॉली गव्हाणीसमोर दोन दिवस उन्हात उभी राहिली, त्याची साखर कमी भरेल. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक कमी होते. बाटलीने जे वाढवले ते दोन दिवसांच्या रांगेत निघून जाते. तोडणीची तारीख आपल्या हातात नाही, रांग आपल्या हातात नाही. म्हणून तारीख आणि साखर हे दोन्ही रकाने एकत्रच मागितले पाहिजेत. तोड उशिरा दिली तर त्याचा तोटा ज्याने उशीर केला त्याच्या अंगावर, आपल्या अंगावर नाही.

हे एका दिवसात होणार नाही हे मलाही कळते. पण जोवर ते होत नाही तोवर एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. साखर वाढवणाऱ्या कोणत्याही बाटलीचे पैसे शेतकऱ्याने स्वतःच्या खिशातून घालू नयेत. त्याने फक्त वजन वाढत असेल तरच आणि वजनापुरतेच पैसे घालावेत. कारखान्याला साखर हवी असेल तर बाटली त्याने द्यावी, उधारीवर नव्हे आणि बिलातून कापूनही नव्हे.

तेव्हा काय करायचे?

प्रत्येक गावातून चार माणसे उभी राहू द्या. चौघांच्या रानात सारख्याच पद्धतीने चार सऱ्या अर्काच्या आणि चार सऱ्या पाण्याच्या ठेवा. लागण फुटव्यावर असताना एक फवारणी करा, उन्हाळ्याच्या ताणाआधी दुसरी, प्रमाण लेबलाप्रमाणे. सकाळी किंवा सायंकाळी फवारा, भर दुपारी नको. दुसऱ्या औषधात मिसळायचे असेल तर आधी बरणीत थोडे मिसळून पाहा, फाटले तर पंपात घालू नका. तोडीच्या आदल्या दिवशी वजन घ्या, टोळी आल्यावर नव्हे. माझ्यासारखे करू नका. आकडे एका वहीत लिहा, तोट्याचेही लिहा. पुढच्या बैठकीला सगळ्यांच्या वह्या एकत्र वाचू. एका रानाचा अनुभव म्हणजे गप्प बसवता येईल असा माणूस. तीस रानांचा अनुभव म्हणजे उत्तर द्यावे लागेल असा प्रश्न.

दुकानात युरियासोबत बाटली गळ्यात मारली तर एकट्याने भांडू नका. पावती मागा, दुसऱ्या दिवशी दहा जण मिळून जा आणि ती पावती तालुका कृषी अधिकाऱ्यापुढे ठेवा. पीक पिवळे पडण्याआधी पोती आणून ठेवली तर भांडायला अंगात बळही राहते.

आणि गाळपाला ऊस जाईल तेव्हा काट्यावर उभे राहून पावती हातात घेतली की प्रत्येकाने एकच प्रश्न विचारा, ''यात साखरेचा रकाना कुठे आहे?'' समोरचा पोरगा उत्तर देऊ शकणार नाही, त्याला रागावू नका. प्रश्न त्याच्यासाठी नाही. पण एका हंगामात पाचशे शेतकऱ्यांनी तोच प्रश्न विचारला, तर तो काट्यावरून कार्यालयात जाईल आणि कार्यालयातून वर जाईल.

समुद्रातले शेवाळ केजच्या माळावर येऊन पोचले. आपल्याच उसातली साखर आपल्या पावतीपर्यंत पोचायला एवढी वर्षे का लागावीत?

माझे संपले. वही कोण कोण ठेवणार त्यांनी हात वर करा. नावे आत्ताच लिहून घेऊ.